होडीचं हाड

गौरी आणायच्या दिवशी आमच्याकडे दारापासून माजघरापर्यंत पावलं काढतात, म्हंजे अजूनही काढतात, स्टिकर नाही. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, मूठ वळायची, मुठीची करंगळीकडची कड पिठात बुडवून लादीवर टेकवायची आणि वरती बोटाने पाच ठिपके. झालं पाऊल. लहानपणी हे काम माझ्याकडे असायचं. एकदा, आठवीत असेन, पावलं काढून झाल्यावर मी ओल्या पायाने त्याच्या बाजूबाजूने चालत गेले आणि मागे वळून बघते तर गौरीच्या पावलांना मधे कशी छान कंबर, आणि शेजारी माझे ठसे, अख्ख्या भाकऱ्या थापल्यासारखे. आई म्हणाली, "काय गो, पाय आहेत का वल्ही?"

हे वडिलांच्या बाजूने आलंय. धाकटा काका सैन्यभरतीला गेला होता, धावण्यात पास, छातीत पास, आणि मेडिकलला सपाट तळवे म्हणून परत. तो पुढे आयुष्यभर डोंगर चढला, आंब्याच्या पेट्या वाहिल्या, पाय कधी दुखले नाहीत म्हणतो. ते खरंही असणार, कारण सपाट तळवा म्हंजे आजार नाही, बहुतेकांना त्याचा काही त्रासच होत नाही, जोपर्यंत तुम्ही तो पाय एखाद्या कडक बुटात कोंबून चार मिलिमीटर जाडीच्या पात्यावर उभा करत नाही.

मी केला. चौतीस वर्षांची होते, नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही कॅनडात एडमंटनला गेलेलो. उणे पंचवीस म्हंजे काय ते रत्नागिरीच्या माणसाला सांगून कळत नाही, तो सांगितल्यावर सुद्धा विचारतो की मग स्वेटर घालत असाल ना. हिवाळा पाचसहा महिने, घरात बसून वेड लागायची पाळी आली तेव्हा शेजारणीने ओढून रिंकवर नेलं, बर्फावर स्केटिंग करायला. तिकडे प्रत्येक वस्तीचं आपलं बर्फाचं रिंक असतं, आपल्याकडे वाडीवाडीचं देऊळ असतं तसं. पहिला महिनाभर मी कठड्याला धरून होते, दुसऱ्या महिन्यात कठडा सुटला, आणि मग ते लागलंच, व्यसन म्हणा. म्हटलं आता भाड्याचे स्केट पुरे, स्वतःचे घेऊ.

इथे पहिली चूक. आमच्या घरात बूट जूनमधे घ्यायचे आणि एक नंबर मोठेच घ्यायचे, पुढे कापूस कोंबायचा, पोरांचे पाय काय वाढतातच. चौतीसाव्या वर्षी माझे पाय वाढणार नव्हते पण सवय वाढलेली होती. चपलेचा जो नंबर त्यापेक्षा अर्धा जास्तच घेतला, तेही ऑनलाइन, वर खूश की बोटांना कशी मोकळी जागा आहे.

दहा मिनिटांत तळव्याच्या आतल्या बाजूला जाळ व्हायचा. पोटऱ्यांना गोळे. आणि दोन्ही घोटे आत कललेले, एकमेकांशी कानगोष्टी करायला वाकल्यासारखे. पाहणाऱ्याला वाटतं पात्याला एक धार असते, तर तसं नाही, पात्याच्या खालून मधोमध बारीक पन्हळ असते आणि त्यामुळे दोन कडा होतात, एक आतली एक बाहेरची. सगळं स्केटिंग म्हंजे या दोन कडांवर आळीपाळीने झुकणं. माझं झुकणं नव्हतंच, मी कायमची आतल्या कडेवर पडलेली. बाहेरच्या कडेवर जायचं म्हटलं की पोटात गोळा. कोच म्हणायची घोटा सरळ कर, मी करायची, आणि दोन सेकंदांत तो परत आपल्या जागी.

मग सुरू झाला इनसोलचा, म्हंजे बुटात तळव्याखाली घालायच्या पट्टीचा खेळ, आणि हे मी जरा सविस्तर सांगते कारण यात माझे पैसे गेलेत.

पहिला घेतला मेडिकलच्या दुकानातला जेलचा, मऊमऊ निळा. रस्त्यावरच्या बुटात तो स्वर्ग वाटतो. बर्फावर त्याने उलटंच केलं, पाय गादीवर उभा असल्यासारखा डुचमळायला लागला, पातं कुठे आहे तेच कळेना. स्केटमधे मऊ काही घालायचं नाही हे पहिल्या दिवशीच कळलं. दुसरा कडक, मधे चांगला उंचवटा असलेला, कारण मी मनाशी साधं गणित मांडलेलं की माझ्या तळव्याला कमान नाही तर कमान विकत घेऊ. अर्ध्या तासात असं वाटलं की कुणीतरी तळव्याखाली सुपारी ठेवून वर उभं राहा म्हणतंय. शिवाय तो इतका जाड की टाच वर उचलली गेली आणि बुटाच्या खोबणीतून बाहेर यायला लागली. तिसरा तर ऐटीत, डॉक्टरची चिठ्ठी, पायाचा साचा घेऊन बनवलेले ऑर्थोटिक्स, चारशेच्या वर डॉलर, नशीब की नवऱ्याच्या ऑफिसच्या इन्शुरन्सने बरेचसे दिले.

या तिसऱ्याबद्दल मला राग नाही, कारण चालायला ते उत्तम निघाले, आजही घालते. पण ते चालण्यासाठीच बनवलेले. चालताना आपण टाच टेकतो, पाय आत लोळतो, मग अंगठ्यावरून उचलतो, त्या सगळ्या लोळण्याचा हिशोब त्यात धरलेला असतो. बर्फावर टाच टेकणं नाही, अंगठ्यावरून उचलणं नाही, रेटा बाजूला द्यायचा आणि मग एका पायावर सगळं अंग तोलून नुसतं घसरत राहायचं, तीन सेकंद, चार सेकंद. त्यात फिगर स्केटची टाच चांगली पाचेक सेंटीमीटर उंच, म्हंजे सपाट जमिनीच्या मापाने बनवलेली वस्तू उतारावर ठेवल्यासारखं. आणि रुंदी! बुटाच्या कमरेत ते शिरेचनात, कड दुमडून कोंबले तर वाकडे बसले. स्केटसाठी वेगळे, अरुंद आणि पातळ इनसोल मिळतात हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, रिंकवरच्या आइस हॉकीवाल्या पोरांच्या बुटात सुपरफीट कंपनीचे पिवळे इनसोल दिसायचे ते मला वाटायचं रंगाची आवड असेल.

शेवटी एका म्हाताऱ्याकडे गेले, स्केटला धार लावायचा, बूटही बसवून द्यायचा. त्याने माझी दुखण्याची कहाणी निम्म्यातच थांबवली. बुटातला मूळचा इनसोल उपसून काढला, जमिनीवर ठेवला आणि म्हणाला यावर उभी राहा. राहिले. बोटांच्या पुढे चांगलं दीड बोट जागा रिकामी. त्याने नुसतं बघितलं माझ्याकडे. मी कापसाची गोष्ट सांगितली असती पण इंग्लिशमधे सांगता येईना.

ही परीक्षा इतकी साधी आहे की मला आजही लाज वाटते. बूट मोठा असला की टाच उचलते, टाच उचलली की बोटं आपसूक खाली वळतात, पकडून ठेवायला, आपण घसरड्या चिऱ्यावर चालताना वळतात तशी. बोटं वळली की तळव्याचे स्नायू सतत आवळलेले, आणि मग जाळ होणार नाही तर काय. तो सगळा जाळ मी सपाट तळव्याच्या खात्यावर मांडत होते. स्केटचं माप साधारणपणे चपलेच्या नंबरापेक्षा कमीच लागतं, हॉकीच्या बुटात तर एक-दीड नंबर कमी. एडियासारखी इटालियन कंपनी सरळ मिलिमीटरमधेच माप देते, मला तेच बरं वाटतं, पाय भिंतीला टाच लावून उभ्याने मोजायचा, दोन्ही पाय मोजायचे, विषय संपला.

अर्थात आपल्या पायांचा एक घोळ आहेच. आम्ही दहावीपर्यंत चपला आणि अनवाणी यांवर वाढलेलो, बोटं पंख्यासारखी पसरलेली आणि टाच मात्र बारीक. असा पाय बुटात घालायचा तर बोटांच्या मापाने घेतला की टाच सैल, टाचेच्या मापाने घेतला की करंगळी रडते. म्हणून बुटाची लांबी आणि रुंदी वेगळी बघायची असते, काही कंपन्या पुढे रुंद मागे अरुंद असे बूट देतात सुद्धा. हे कळायला मला तीन इनसोल आणि एक हिवाळा लागला.

नवा बूट आला. म्हाताऱ्याने तो भट्टीत गरम करून माझ्या पायावर बसवला, पातं आधी थोड्याच स्क्रूंवर लावलं, आठवडाभर खेळून ये म्हणाला. आले. आता जाळ नव्हता पण घोटे अजून थोडे आतच. त्याने स्क्रू सैल केले आणि पातं आतल्या बाजूला सरकवलं, किती, तर मिलिमीटर दोन मिलिमीटर. म्हंजे माझं वजन जिथे पडतंय तिथे पातंच आणून ठेवलं. उरलेलं काम शेवटी इनसोलने केलं, पातळ, कडक, टाचेला खोलगट वाटी, आणि टाचेखाली आतल्या बाजूला तीनेक मिलिमीटरची पाचर. मधला उंचवटा जवळजवळ नाहीच. मला पटेना. म्हटलं कमान तर दिलीच नाही.

हे कोडं सुटलं ते फिजिओथेरपिस्ट बाईकडे. तिच्याकडे पायाचा प्लास्टिकचा सांगाडा होता, सव्वीस हाडं, त्यातलं एक तिने बोटाने दाखवलं, घोट्याच्या जरा पुढे, आतल्या बाजूला. म्हणाली याचं नाव नॅव्हिक्युलर, लॅटिनमधे छोटी होडी. कमान खचते तेव्हा ही होडी खाली बसते. मी तिथे त्या खुर्चीत बसल्या बसल्या एकदम आमच्या रत्नागिरीच्या मिऱ्याच्या किनाऱ्यावर. ओहोटीला होडी चिखलात कशी कलंडते ते मी हजार वेळा बघितलंय. वरती ओढून ठेवायची असली की काय करतात? पोटाखाली मधोमध धोंडा नाही घालत, तसं केलं तर तळ फुटेल. बाजूने टेकू लावतात, ज्या अंगाला ती झुकते त्या अंगाला. माझी पाचर म्हंजे तो टेकू. आणि मी दोन महिने होडीच्या पोटात धोंडा घालत होते.

त्यामुळे आता मला कुणी विचारलं की सपाट पायाला कुठला इनसोल, तर मी जरा चिडचिड करते, कारण माणसाला नाव ऐकायचं असतं आणि मी त्याला आधी बुटातून इनसोल काढून त्यावर उभं करते. मग लेस बघते. अर्धी माणसं लेस खालपासून वरपर्यंत सारखीच आवळतात, मग बोटं बधीर झाली की बुटाला शिव्या. बोटांपाशी सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट, वरच्या हुकांना बेताची. पायाच्या पुढच्या बाजूला, जिथे घोटा वाकतो तिथे, दोरीने कापल्यासारखं दुखायला लागलं तर ते लेसचं आणि बुटाच्या जिभेचं काम आहे, कितीही महाग इनसोल घाला, त्याला पत्ता लागणार नाही.

बधीर होण्यावरून एक सांगायचं राहिलं. बर्फावर दुखणं परवडतं, बधीर होणं नाही, कारण दुखणारा पाय निदान बोट दाखवतो इथे इथे म्हणून. थंडीत आवळलेला पाय गप्प बसतो आणि बूट काढल्यावर मोज्यात रक्त. याबाबतीत जगाला आपल्याच देशातून धडा मिळालाय. पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४६ साली वेल्लोरला आले, कुष्ठरोग्यांचे हातपाय झडतात ते रोगाने कुजून नाही, तर संवेदना गेल्यामुळे जखम कळत नाही आणि रोगी तसाच त्यावर चालत राहतो म्हणून, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यातून पायाचा दाब वाटून घेणारी पादत्राणं आली, एमसीआर रबराची, म्हंजे बारीक बारीक हवेचे कप्पे असलेलं रबर. आज डायबेटिसवाल्यांना डॉक्टर तीच एमसीआर चप्पल लिहून देतात. माझ्या आईला पण आहे. ती तिला "सरकारी चप्पल" म्हणते, का ते विचारू नका, विकत घेतलेली आहे.

आम्ही परत आलो त्याला आता पाच वर्षं झाली. स्केट आणले, भावनेपोटी, आणि कोकणच्या हवेने त्यांचा समाचार घेतला. पहिल्याच जुलैत बुटाच्या आत हिरवी बुरशी आणि पात्यावर गंज, खारी हवा कुणाला सोडत नाही. आता पातं पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवून सुती कापडात गुंडाळते, प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलं की घाम धरून आणखी गंजतं. इनसोल बाहेर काढून वेगळे ठेवायचे. ते माळ्यावर आहेत आणि दर पावसाळ्यात एकदा उतरवले जातात, लोणच्याच्या बरण्या बघाव्यात तसे.

यंदा मात्र ते ज्ञान कामी आलं, भाचीमुळे. बारा वर्षांची आहे, इनलाइन स्केटिंग करते, म्हंजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केटवर, सिमेंटच्या मैदानावर, गुडघे कायम सोललेले. तिच्या सरांनी सांगितलं की हिला बर्फावर घालू, डेहराडूनला. तिथलं हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलेलं, मग कित्येक वर्षं बंद, आणि २०२५ मधे परत चालू झालं. सरांनी कुणाचे तरी वापरलेले शॉर्ट ट्रॅकचे, म्हंजे बर्फावरच्या छोट्या ट्रॅकवरच्या शर्यतीचे बूट मिळवून दिले. कार्बनचे, ठणठणीत कडक, पातं जेमतेम सव्वा मिलिमीटर आणि दोन्ही बुटांना डावीकडे सरकवून बसवलेलं, कारण शर्यतीत वळणं सगळी डावीकडचीच. दादा घाबरून मला फोन करतो की पातं वाकडं लागलंय, फसवलं आपल्याला. म्हटलं अरे ते तसंच असतं.

भाचीचे पाय आमचेच, वल्ही. पण घाबरण्यासारखं नव्हतं. तिला चवड्यांवर उभी केली तर तळव्याखाली छान कमान दिसली, म्हंजे पाय लवचिक आहे, लहान मुलांत हे सर्रास असतं, वाढताना कमान येतेही. चवड्यांवर उभं राहूनही पाय फळीसारखाच राहिला असता, किंवा एकच पाय तसा असता, दुखून सुजत असता, तर मी आधी हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं, इनसोलबिनसोल नंतर. तिचं दुखणं वेगळं होतं. घोट्याच्या खाली आत एक हाड टेंगळासारखं वर आलेलं आणि ते बुटाच्या भिंतीला घासून लालबुंद. साधारण दहातल्या एका माणसाला त्या होडीच्या हाडाशेजारी एक जादा हाडुक असतं, तिचं तेच की काय ते एक्सरेशिवाय सांगता यायचं नाही. पण घासतंय नक्की कुठे ते तर बघू.

आईने कुंकू कालवून दिलं. टेंगळावर कुंकवाचं बोट टेकवलं, अनवाणी पाय बुटात घातला, लेस बांधली, सोडली, बाहेर काढला. आत बुटाच्या भिंतीवर लाल ठिपका. तिकडे हेच काम लिपस्टिकने करतात. आई म्हणाली, गौरीचं एक पाऊल बुटात पण पडलं.

शॉर्ट ट्रॅकच्या बुटात इनसोलला जागाच नसते, दोन मिलिमीटर म्हंजे फार झाले, त्यामुळे बाजारातला कुठलाही बसणार नव्हता. मग आम्ही गेलो स्टँडजवळच्या मोचीकाकांकडे, आईची एमसीआर चप्पल तेच दुरुस्त करतात. छत्रीखाली बसतात, समोर आरी, रापी, सोल्युशनचा डबा. बूट हातात घेऊन त्यांनी आधी पात्यावर अंगठा फिरवला.

"ताई, ही सुरी कशाला लावलीय खाली?"

सांगितलं. बर्फ, घसरायचं वगैरे. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. मग बुटातला जुना इनसोल काढला, तो आधीच्या पोराच्या पायाने घडलेला होता, अंगठ्याची खळगी, टाचेची खळगी, सगळं दुसऱ्याचं. तो टाकायचा हे मी सांगायच्या आधी त्यांनीच सांगितलं, दुसऱ्याच्या पायाचा माल आहे म्हणाले. त्याच मापाचा नवा कापला, पातळ कडक शीटचा. टाचेखाली आतल्या अंगाला पाचर हवी म्हटल्यावर रापीने रबर असं छिललं की एक कड दोन मिलिमीटर आणि दुसरी कागदासारखी, डोळ्यांनी मापून. चिकटवू नका, आधी नुसती ठेवून बघू, एकदा घालून आठवडा जाऊ दे, हे मी तीनतीनदा सांगितलं कारण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कुठल्याने फरक पडला तेच कळत नाही.

टेंगळाच्या बाबतीत मात्र त्यांनी माझ्यावर मात केली. मी म्हटलं लाल ठिपक्यावर मऊ पट्टी लावा. ते म्हणाले, "तिथं लावली तर आणखी दाबेल ना. तिथं आधीच जागा नाही." आणि ठिपका मधे मोकळा ठेवून भोवतीने मेदूवड्यासारखी चकती कापली, म्हंजे हाड भोकात आणि दाब कडेला. कॅनडातला म्हातारा हेच करायचा, मला आठवायला हवं होतं.

उजव्या पायाचं झालं. भाचीने तिथेच फुटपाथवर बूट चढवून बघितला, एका पायात लाखाच्या गोष्टी करणारा कार्बनचा बूट आणि दुसऱ्यात पावसाळी चप्पल, भोवती रिक्षावाले जमा. घासत नाही म्हणाली. मी म्हटलं याच मापाने डावा करून ठेवा, संध्याकाळी नेते.

"नाही हो ताई, डावा उजवा एक कधी असतो काय. पोरीला घेऊन या उद्या."

उद्या तिची चाचणी आहे म्हटलं, गणिताची.

"मग परवा," म्हणाले, आणि कुणाचीतरी तुटकी छत्री पुढे ओढली.